जोडीतलं दुसरं

साहेबांनी चुकीचं पिस्तूल उचललं आणि मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला मी. त्या हसण्याची आज शरम वाटते, पण खोटं कशाला सांगू? आधी हसूच आलं.

सोनवडी संस्थानच्या जुन्या कचेरीत आम्ही उभे होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. टेबलावर हिरव्या बनातीचं कापड, त्यावर एक लांबट पेटी आणि पेटीतून काढून शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिस्तुलं. खुर्चीत पुण्याहून आलेले खासनीस साहेब, जुन्या वस्तूंचे जाणकार. त्यांच्या बाजूला धाकटे सरकार, म्हणजे गेलेल्या राजेसाहेबांचे नातू. दाराशी फौजदार कागदांची चळत घेऊन. त्या वर्षी आमच्या तालुक्यात बिनपरवाना हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला होता. राजवाड्यातली जी हत्यारं शंभर वर्षांच्या पलीकडची निघतील ती प्राचीन वस्तू म्हणून नोंदवायची आणि सरकारांकडेच ठेवायची. जी नवी निघतील ती फौजदार नेणार आणि मोडून टाकणार. कुठलं जुनं, कुठलं नवं, हे खासनीस साहेब ठरवणार होते.

भिंतीला टेकून आम्ही दोघं. माझे सासरे विश्रामआप्पा होनकळसे आणि मी. आम्ही जिनगर. राजवाड्यातल्या हत्यारांची डागडुजी आप्पा चाळीस वर्षं बघत होते, म्हणून पेच सोडवायला, नळ्या उघडून दाखवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा, म्हणून अवजारांची पिशवी घेऊन मी.

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. "वा! काय काम आहे! जर्मनीतलं. पावणेचारशे वर्षं तरी झाली असतील. सरकार, तुमच्या घरात हे आहे याची तुम्हांला कल्पना तरी आहे का?"

"आणि दुसरं?" धाकट्या सरकारांनी विचारलं.

साहेबांनी दुसरं नुसतं उलटंसुलटं केलं आणि ठेवून दिलं. "ही नक्कल. कुणा गावठी मिस्त्रीनं केलेली. पन्नास वर्षांच्या आतली."

नेमकं उलटं होतं. ते ज्याला गावठी म्हणत होते ते जर्मनीचं, आणि भिंग लावून ज्याची आरती ओवाळत होते ते माझ्या सासऱ्याच्या हातचं. हे साऱ्या दुनियेत दोघांनाच ठाऊक होतं. त्यातले थोरले सरकार, म्हणजे ते राजेसाहेब, तर कधीच वारले होते. उरले आप्पा. आणि त्यांनी सांगितलं म्हणून तिसरी मी.

या पिस्तुलांना काडतूस नसतं. घोड्याखाली एक दातेरी पोलादी चाक, त्याला घड्याळासारखी किल्ली द्यायची. चाप ओढला की चाक गरकन फिरतं, दगडाला घासतं, ठिणगी पडते आणि दारू पेटते. पण बघणाऱ्याचं लक्ष तिकडं जातच नाही. दस्ता, म्हणजे धरायची लाकडी मूठ, बघूनच माणूस खुळावतो. अक्रोडाच्या लाकडात हरणाच्या शिंगाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या आणि त्यांच्यावर सगळी शिकार कोरलेली. पळणारी हरणं, मागं कुत्री, शिंग फुंकणारे शिकारी, वेली, आणि मधेच कुठंतरी एक गोगलगाय. सुईनं टोचायला जागा मोकळी नाही.

मुळात जोडी होती. थोरल्या सरकारांच्या वडलांना त्यातलं एक कुणा गोऱ्या साहेबाला नजर करावं लागलं. पेटीतली ती रिकामी खाच थोरल्या सरकारांच्या डोळ्यांत सलायची. त्यांनी आप्पांना बोलावलं. तेव्हा आप्पा तिशीचे. "विश्राम, ह्याला जोड करून दे. कुणाला बोलायचं नाही." दिवाणखान्यातला मोडका विलायती पियानो त्यांनी अक्रोडाच्या लाकडासाठी फोडून दिला. शिंग सांबराचं. आप्पांना तीन वर्षं लागली. कोरलेल्या रेघांत काजळ आणि लाख भरली, चहाच्या आणि काताच्या पाण्यानं शिंग पिवळं केलं, नळीवर सोन्याचा मुलामा चढवला. नळीवरचा तिकडच्या कारागिराचा ठसासुद्धा हुबेहूब उठवला. स्वतःचा ठसा कुठंच मारला नाही. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालायचं नाही, अशी आमच्या घरची रीत.

हे सगळं त्यांनी मला शिंगाचं काम शिकवताना सांगितलं. माझ्या नवऱ्याला, मुरलीधरला, या कामाची गोडी नव्हती. तो इचलकरंजीला मागावर लागला. मग आप्पांनी एक दिवस अवजार माझ्या हातात दिलं. "सुनेला शिकवू नये आसं कुटं लिवलंय?" म्हणाले. पंधरा वर्षं मी त्यांच्यापुढं बसून कोरत होते. चुकलं की डोक्यात टपली मारायचे आणि जमलं की काहीच बोलायचे नाहीत.

त्या जुन्या पिस्तुलाविषयी मात्र बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "ह्ये एका माणसाचं काम न्हवं, कौसा. नळीवाला येगळा, चाकवाला येगळा, दस्तेवाला येगळा. ही खाच बघ, दस्तेवाल्यानं जरा जास्तच खणलीया. चाक हातात यायच्या आदीच खणून बसला गडी. घाई झाली आसंल." त्या दस्तेवाल्याला ते 'माझा जर्मन' म्हणायचे. "माझ्या जर्मनाला हरणं झकास येत्यात. कुत्रं येत न्हाई." खरंच, डाव्या बाजूच्या एका कुत्र्याचा मागचा पाय माणसाच्या गुडघ्यासारखा उलटा वाकवलेला होता. आपल्या पिस्तुलावर आप्पांनी तो पाय नीट करून टाकला. जसंच्या तसं करायचा हुकूम होता, पण समोर ढळढळीत चूक दिसत असताना तीच चूक मुद्दाम परत करायची, हे त्यांच्यानं होईना. आणि तिन्ही कामं एकट्याच्या हातची, त्यामुळं चाक दस्त्यात असं बसलं की नखसुद्धा शिरू नये.

मग चाळीस वर्षं काय झालं, तर खंडेनवमीच्या पूजेला दरसाल जुनं पिस्तूल निघायचं, कारण देवापुढं अस्सल मांडायचं. थोरले सरकार स्वतः काढून द्यायचे. ते गेल्यावर पेटीतल्या वरच्या खाचेतलं काढायचं, एवढंच नोकरांना ठाऊक होतं. आणि नोकर ते काढून चिंच आणि राख लावून घसाघसा घासायचे. आप्पा कितीदा ओरडले, कुणी ऐकलं नाही. सोनं गेलं, ठसा झिजून नुसता डाग उरला, शिंगावर ओरखडे पडले. पेच झिजले ते आप्पांनीच नवे घातले. आणि त्यांचं स्वतःचं पिस्तूल मखमलीत गुंडाळून खाली पडून राहिलं, जसं केलं तसं.

तर साहेबांचं चुकलं यात नवल नव्हतं.

"मग ही नक्कल केली कुणी?" फौजदारांनी दारातूनच विचारलं. "परवान्याशिवाय हत्यार बनवणं म्हणजे गुन्हा आहे. जामीनसुद्धा लवकर मिळत नाही." आणि त्यांनी सरळ आप्पांकडं बघितलं. असलं काम करणारा गावात दुसरा होता कोण?

माझं हसू विरलं. गप्प राहा आप्पा, गप्प राहा, असं मनातल्या मनात घोकत होते मी. एवढ्यात ते भिंत सोडून पुढं झालेसुद्धा.

"सायेब, उलटं झालं."

"काय उलटं?"

"त्ये जुनं हाय. तुमच्या हातातलं मी केलंया."

धाकटे सरकार वैतागले. "आप्पा, तुम्हांला पेच सोडवायला बोलावलंय."

"सरकार, तुमच्या आज्यानं करून घेतलं. छत्तीस साली."

खासनीस साहेब माणूस वाईट नव्हते हो. चिडले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं आप्पांना जवळ बोलावून दाखवायला लागले. "हा ठसा बघा, किती स्वच्छ. त्यावरचा बघा, नुसता डाग. नक्कल करणाऱ्याला ठसा उठवता आला नाही. इथं चाक कसं चपखल बसलंय, आणि तिथं फट आहे. आणि हे कुत्रं. या कुत्र्याचा पाय बघा आणि त्याचा बघा. एवढा मोठा कारागीर असा पाय काढेल का?"

"काडला की!" आप्पांचा आवाज चढला. "त्यानंच काडला. मी सुदारला."

साहेब हसले. सरकारही हसले.

फौजदार मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी उलगडली. "म्हणजे हत्यार तुम्ही बनवलं, असं तुम्ही सर्वांसमक्ष कबूल करता? लिहून घेऊ?"

"घ्या लिवून. कुटं आंगठा मारू सांगा. पर त्येला मोडू नगा. मोडायचं तर माझं मोडा."

एकाहत्तर वर्षांचा माणूस. दमेकरी. हिवाळ्यात रात्र रात्र बसून काढायचा. तो कोठडीत चार दिवस टिकला नसता, आणि हे तिथल्या सगळ्यांत फक्त मला कळत होतं.

साहेबांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "असं करा आप्पा, तुमच्या पिशवीत शिंगाचा तुकडा असेल ना? एक कुत्रं कोरून दाखवा. एवढंसं. मी थांबतो."

मी पिशवी उघडली. काय करणार? तुकडा काढला, कोरणी काढली. आप्पा खुर्चीवर न बसता खालीच मांडी घालून बसले, तुकडा डाव्या अंगठ्याखाली दाबला आणि कोरणी टेकवली. हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर तुकडा निसटला. पुन्हा धरला. कोरणी घसरली आणि अंगठ्यात रुतली. रक्ताचा थेंब शिंगावर पडला. तो सदऱ्याला पुसून त्यांनी तिसऱ्यांदा कोरणी टेकवली, आणि मग माझ्याकडं वर बघितलं.

काय मागत होते ते मला कळलं. तूच कोर, असं म्हणत होते. दोन वर्षं झाली, घरातलं सगळं कोरीव काम मीच करत होते. ते कुत्रं मी डोळे झाकून काढलं असतं, उलट्या पायाचं आणि सुलट्या पायाचंही. तुकडा हातात घेतला असता तर अर्ध्या घटकेत साहेबांना कळलं असतं की ही विद्या कुठल्या घरातली आहे.

मी हात पदराखाली घेतले.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांचं मनावर घेऊ नका. सासूबाई गेल्यापासून ते भ्रमिष्ट झालेत. कधी म्हणतात पिस्तूल मी केलं, कधी म्हणतात देवळाचा कळस मी घडवला. ही नक्कल थोरल्या सरकारांच्या वेळच्या एका मिस्त्रीची. तो कधीच वारला."

एवढं सगळं खोटं मी एका दमात बोलले. कुठून सुचलं देव जाणे. कळसाचं तर मला स्वतःलाच नवल वाटलं.

"हो, आप्पा अलीकडे थकलेच आहेत," सरकार लगेच म्हणाले. त्यांना प्रकरण मिटायला हवं होतं. फौजदारांनी कागद घडी करून ठेवला. साहेबांच्या चेहऱ्यावर दया आली, आणि ती मला बघवेना.

आप्पा खालीच बसून होते. मला वाटलं होतं, शिव्या देतील. पण ते नुसते माझ्याकडं बघत राहिले, तोंड अर्धवट उघडं. मग म्हणाले, "कौसा, आगं काय बोलतीस?"

"चला आप्पा, घरी चला," मी म्हटलं आणि दंडाला धरून उठवलं. वेड्या माणसाला उठवतात ना, तसंच.

मी त्यांना कोठडीतून वाचवलं, हे खरंच आहे. पण सगळं सांगायला बसलेय तर तेही सांगते. साहेब भिंग लावून आप्पांच्या कामाला वाहवा म्हणत होते तेव्हा माझा ऊर भरून आला होता. दोन्हींतलं एक मोडणार असेल तर आमचं जगू दे, असं मला वाटलं होतं. आप्पांना तसं नव्हतं वाटलं. त्यांना त्यांच्या जर्मनाचं जगायला हवं होतं.

आठ दिवसांनी फौजदारांनी चौकीच्या आवारात ती हत्यारं मोडली. गावठी कट्टे, दोन गंजक्या ठासणीच्या बंदुका, आणि ते. मी आप्पांना घरात कोंडायचंच बाकी ठेवलं होतं, पण माझा डोळा चुकवून ते गेले. मी धावत पोचले तेव्हा लोहारानं नळीचे दोन तुकडे केले होते आणि दस्ता ऐरणीवर ठेवला होता. आप्पा कुंपणाच्या तारेला धरून उभे. "आरं हळू! हळू रं बाबा!" असं त्या लोहाराला सांगत होते. घणाच्या एका घावात अक्रोड फुटलं आणि शिंगाच्या पट्ट्या चहूकडं उडाल्या.

आप्पा तारेखालून आत शिरले आणि गुडघ्यांवर बसून पट्ट्या वेचायला लागले. शिपाई अडवायला निघाला तर फौजदार म्हणाले, "घेऊ दे रे. वेडा आहे तो." टोपीत भरून आणल्या त्यांनी.

घरी येऊन सोप्यात पंचा अंथरला आणि एकेक पट्टी त्यावर मांडली. दुपारभर ते त्या उलटसुलट करत बसले होते. मी चहा ठेवला तेव्हा वर न बघता म्हणाले, "ह्ये बघ. मागनं खुणा केल्यात त्यानं. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कुटली पट्टी कुटं बसवायची त्याच्या. मी बी आशाच करतो." सगळ्या पट्ट्या पुन्हा सुलट्या करून ठेवल्या. मग म्हणाले, "त्येची बायको-पोरं कोण आसतील गं?" मला रडू फुटलं. त्यांनी चहाला हात लावला नाही. कचेरीतल्या त्या दिवसाविषयी ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. नुसतं त्या दिवसापासून मला काम दाखवायचं, चूक काढायचं, टपली मारायचं थांबवलं.

पण बाहेर मात्र सांगत सुटले. न्हाव्याच्या दुकानात, पारावर, एसटीच्या थांब्यावर. राजवाड्यातलं पिस्तूल मी केलंय, सायबानं चुकीचं मोडायला लावलं. लोक आधी ऐकून घ्यायचे, मग चेष्टा करायला लागले. "काय आप्पा, आज जर्मनीला निघाला काय?" "आप्पा, ताजमहाल पण तुमचाच म्हणं?" कळसाची गोष्टही गावभर झाली होती. माझ्याच तोंडची. ती त्यांच्या तोंडची म्हणून फिरत होती. मुरलीधर सुट्टीला आला की म्हणायचा, "आप्पांना एकदा मिरजेच्या डॉक्टरला दाखवू." मी त्यालाही खरं सांगितलं नाही. आधी फौजदाराची भीती. फौजदार बदलून गेले, तेव्हा म्हटलं, आता सांगून काय ते तुकडे जोडले जाणार आहेत? आणि सांगायचं कोणत्या तोंडानं? सासऱ्याला भर सभेत मी वेडं ठरवलं, असं?

दुसऱ्या वर्षी राजवाड्याच्या दोन खोल्या लोकांना बघायला खुल्या झाल्या. काचेच्या कपाटात ते पिस्तूल, खाली पाटी: जर्मनी, सोळावे शतक. आप्पा दर गुरुवारी जायचे. काचेला नाक लावून उभे राहायचे. आधी आधी तिथल्या लोकांना सांगायचे. मग सांगायचे बंद झाले. मग एकदा घरी येऊन म्हणाले, "कौसा, लई सुबक काम हाय गं. बोटात कला हुती त्या माणसाच्या." मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला. मला वाटलं, चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात दम्यानं त्यांना धरलं. आठवडाभर अंथरुणाला खिळले. मुरलीधर औषध आणायला गेला होता, दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. मी पायाशी बसून तळवे चोळत होते.

"कौसा."

"काय आप्पा? पाणी देऊ?"

"न्हाई. एक इचारतो. खरं सांगशील?"

"सांगते."

त्यांनी दोनदा दम घेतला. "त्ये पिस्तूल... मी केलं हुतं का गं?"

मी त्यांचे पाय सोडून उशाशी गेले. त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तीन वर्षं जे गिळून बसले होते ते सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्हीच केलं, आप्पा. तुमच्याच हातचं आहे ते. त्या दिवशी मी खोटं बोलले. साहेब चुकले, मी चुकले, तुम्ही एकटे खरं बोलत होता. तुम्हांला नेतील म्हणून भ्याले हो मी. माझ्या गळ्याची शपथ घेते. तुम्हीच केलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळे अगदी स्वच्छ होते. मग त्यांनी आपला थरथरता हात सोडवून घेतला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," म्हणाले. "म्हाताऱ्याची समजूत घालतीस. गुणाची हाईस."

आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.